उमेरचे कप

दोन्ही मुलगे एकाच दिवशी घरात जेवायला असणार होते, आणि हाजराचा तांदळाचा अंदाज सकाळपासून तीनदा चुकला होता. आठ वर्षांत अशी वेळ आलीच नव्हती. फैझान कुवेतहून दोन वर्षांतून एकदा यायचा, तेव्हा उमेर सायकल घेऊन कुठल्यातरी परमुलखात. उमेर यायचा तेव्हा फैझान परत बंदरात जहाजं ओढणाऱ्या त्याच्या टगबोटीवर. या जानेवारीत मात्र झाराचं कुराण वाचून पूर्ण झालं. लेकीसाठी फैझाननं महिन्याची रजा मिळवली, आणि उमेरच्या संघाच्या शर्यती फेब्रुवारीत सुरू व्हायच्या होत्या. रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या होडेकरांच्या दारात पहाटे मोठ्या चपलांचे दोन जोड शेजारी शेजारी दिसले, तेव्हा हाजरानं उंबऱ्यातच हात उचलून अल्लाचा शुक्र मानला होता.

"अम्मी, सांदणं उतरवू?" फिजानं विचारलं.

"उतरव गो. आणि आणखी शेरभर तांदूळ धू."

"आणखी?"

"दोघं खाणारे हायत."

फिजा हसली. फैझानची बायको, झाराची आई. अठ्ठ्याण्णव साली फैझान गेला तेव्हा तिला चौथा महिना होता. तेव्हा एकच व्हिसा आला होता, आणि दोन भावांतल्या एकानं जायचं होतं. उमेर वीस वर्षांचा, नुकताच राज्याच्या शर्यतीत तिसरा आलेला, पटियाळ्याच्या शिबिराचं पत्र खिशात घालून घरभर फिरत होता. फैझाननं ते पत्र एकदा वाचायला मागून घेतलं, परत दिलं, आणि म्हणाला, "मी जातो." एवढंच. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. उमेर शिबिरातून रेल्वेच्या संघात गेला, तिथून २००१ साली मलेशियातल्या एका व्यावसायिक संघात. पगारावर सायकल चालवणारा राजिवड्यातला पहिलाच माणूस.

अकराच्या सुमाराला दारात टेम्पो थांबला. फैझान पुढच्या सीटवरून उतरला. मागे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी उंच होतं. चौघांनी मिळून ते माजघरात आणलं. फैझाननं गोणपाट काढलं. सागवानी शोकेस होती. काचेची दारं, चार कप्पे, आत ट्यूबलाइटसुद्धा.

"हे कशाला रे?" हाजरानं विचारलं.

"उमेरच्या कपांना," फैझान म्हणाला. "मेला कुठं ठेवतो देव जाणे. जेवणं झाली की सगळे मांडूया."

हाजरानं फिजाकडे पाहिलं. फिजा परातीतले तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले होते.

कप नव्हते. एकही नव्हता. उमेर आठ वर्षांत कधी पहिला आला नव्हता, दुसराही नाही. हे हाजराला माहीत होतं आणि फिजाला माहीत होतं, कारण फैझानला गेलेली सगळी पत्रं हाजरानं सांगितली होती आणि फिजानं लिहिली होती.

पाहुणे यायला लागले आणि दोघींना बोलायला सवडच मिळाली नाही. झारा हिरवा ओढणीचा ड्रेस घालून मौलवीसाहेबांपुढे बसली, तिनं न अडखळता वाचलं, आणि फैझाननं डोळे पुसले. उमेर पाणी वाढत फिरत होता. सोळा माणसं जेवली. दोन वाजता शेजारीपाजारी पांगले. घरची माणसं उरली, आणि सखाराम.

सखाराम परका नव्हता. मूळचा मंडणगडचा, रत्नागिरीत त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. उमेरला बारा वर्षांचा असताना पहिल्यांदा शर्यतीच्या सायकलवर बसवणारा तोच. पान लावत तो ओटीवर बसला होता, आणि माजघरातून फैझाननं हाक मारली, "सखारामकाका, आत या. तुमच्याशिवाय हे व्हायचं नाय."

*

फैझाननं ट्यूबलाइट लावली. रिकाम्या काचा उजळल्या.

"काढ रे," तो उमेरला म्हणाला.

"काय काढू?"

"कप! लाजतोस काय? नव्व्याण्णव साली पुण्याचा. दोन हजारमध्ये हैदराबादचा आणि जयपूरचा. मलेशियातले चार. थायलंडचा तो चांदीचा, ज्याच्यावर हत्ती हाय."

उमेर हसला. भाई थट्टा करतोय असं त्याला वाटलं. मग फैझानचा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं.

"भाई, पुण्याला मी सोळावा आलो होतो."

"सोळावा?"

"आणि थायलंडला मी कधी गेलोच नाय."

फैझाननं भोवती पाहिलं. अब्बा, म्हणजे अहमद होडेकर, चाळीस वर्षं मासेमारीच्या लाँचीवर तांडेल म्हणून काढलेला माणूस, खुर्चीत बसून टोपीची घडी घालत होता. अम्मी जमिनीकडे बघत होती. फिजा दारात उभी होती, आणि तिचा चेहरा पाहिल्यावर फैझानला कळलं.

त्याच्या डोळ्यांपुढे कुवेतची खोली आली. आठ माणसं, चार दुमजली खाटा. दर पत्राला तो मिठाई आणायचा. केरळचा स्वयंपाकी त्याला नावानं नव्हे, 'चॅम्पियनचा भाऊ' म्हणून हाक मारायचा. पन्नास अंश उन्हात टगबोटीच्या इंजिनघरात उतरताना त्यानं कितीदा तो हत्तीचा कप मनात फिरवून पाहिला होता.

"कोणाकोणाला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"मी सांगितलं," हाजरा म्हणाली. "फिजाला बोलू नको. तोंड माझं होतं."

"अब्बा?"

अहमदनं घडी मोडली. "मी पेपर वाचतो रे. उमेरचं नाव कधी वर दिसलं नाय. पण तुझी आई तुला काय लिहिते ते मला एकदा कळलं, आणि मी गप्प बसलो. माझंही चुकलं."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

"मला नव्हतं माहीत," उमेर म्हणाला. त्याचा आवाज विचित्र झाला होता. तो आईकडे वळला. "अम्मी, मी दर वेळी फोनवर खरं सांगत होतो. कितवा आलो, काय काम केलं. तुला माझी लाज वाटली?"

"लाज नाय रे!" हाजरा कळवळली. "तू म्हणायचास, आज कप्तानाला पाणी आणून दिलं, आज पुढे राहून चाललो, आज संघ जिंकला. मला त्यातलं काय कळलंच नाय. पाणी देणं हे काय शर्यतीतलं काम? मला वाटायचं तुला तिथं नोकरासारखं राबवतात, आणि तू आम्हाला बरं वाटावं म्हणून हसून सांगतोस. ते फैझानला कसं लिहू?"

सखाराम पुढे झाला. "हाजराभाभी, तेच तर काम हाय. संघात एक जण जिंकायचा, बाकीच्यांनी त्याला जिंकवायचं. उमेर त्यातला चांगला माणूस हाय. म्हणून तर सहा वर्षं ठेवलाय त्याला."

"काका, थांबा," फैझान म्हणाला. तो भावासमोर जाऊन उभा राहिला. "एकदाही नाय? आठ वर्षांत तुला एकदाही पहिलं येता आलं नाय?"

उमेर म्हणाला, "एकदा आलो असतो."

"मग?"

"गेल्या साली, जावात. आठ दिवसांची शर्यत होती. सहाव्या दिवशी चौघे सुटून पुढे गेलो. बारा किलोमीटर उरले होते आणि माझे पाय त्या दिवशी असे चालत होते की काय सांगू. आमचा कप्तान, दार्यूश म्हणून इराणचा हाय, तो पण त्या चौघांत. आठवड्याच्या एकूण वेळेत तो पुढे होता. त्याचं पुढचं चाक फुटलं. संघाची गाडी मागे घाटात अडकलेली."

"मग?"

"मी माझं चाक काढून त्याला दिलं."

"आणि तू?"

"मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. गाडी येईपर्यंत."

"कितवा आलास?"

"सदतिसावा. पण दार्यूशनं ती शर्यत जिंकली, भाई."

फैझाननं विचारलं, "मी कुवेतहून तुला चाकं घ्यायला पैसे पाठवले होते, ते चाक त्यातलं होतं?"

"नाय. ते संघाचं होतं."

झारा खुदकन हसली. तिला वाटलं आपल्या बापानं विनोद केला. बाकी कोणी हसलं नाही. फैझाननं ट्यूबलाइट बंद केली आणि मागच्या दारानं परसात निघून गेला.

*

फिजा लगेच गेली नाही. तिनं आधी भांडी गोळा केली, झाराचा ड्रेस बदलला, तिसऱ्या प्रहरची अस्रची नमाज पढली. मग परसात गेली. फैझान विहिरीच्या कठड्याला टेकून उभा होता.

"अक्षर माझं होतं," ती म्हणाली. "अम्मी म्हणाल्या त्यांचं तोंड होतं. पण त्या काय लिहितात ते वाचू शकत नायत. मी नाय लिहिणार म्हटलं असतं तर झालं असतं."

"मग का लिहिलंस?"

"नव्व्याण्णवच्या पावसाळ्यातलं तुमचं पत्र आठवतं? झारा चार महिन्यांची होती. तुम्ही लिहिलं होतंत, माझ्याच्यानं होत नाय, पासपोर्ट कंपनीकडे हाय, हातात आला की पहिल्या विमानानं येतो."

फैझाननं मान हलवली.

"मी ते अम्मींना वाचून दाखवलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला. त्याच दिवशी उमेरचा पुण्याहून फोन आला, सोळावा आलो म्हणून. अम्मी म्हणाल्या, लिही, पहिला आला. मी लिहिलं. तुमचं उत्तर आलं, त्यात कसली रड नव्हती. सगळ्या खोलीला हलवा वाटला म्हणून लिहिलं होतं तुम्ही. मग दर खेपेला तेच झालं. थांबायचं कसं ते आम्हाला कळेना."

"तो हत्ती?"

"हत्ती माझा," फिजा म्हणाली. "नुसता कप लिहिला की खोटा वाटायचा."

फैझानच्या तोंडून एक आवाज आला. तो हसला की काय ते त्याचं त्यालाही कळलं नसतं.

फिजाचे डोळे भरले होते, पण ती सरळ बोलत राहिली. "आणखी एक सांगते. मला तुम्ही परत यायला हवे होतात. त्या पावसाळ्यात मला फक्त तेवढंच हवं होतं. मूल मांडीवर घेऊन मी ते पत्र लिहिलं, आणि मला माहीत होतं की हे पोचलं की तुम्ही राहणार. तरी लिहिलं. कारण तुम्ही तसेच आला असता तर उमेरकडे कधी नीट बघू शकला नसता. तो सायकल सोडून लाँचीवर गेला असता, आणि तुम्ही दोघं आयुष्यभर एकमेकांसमोर मान खाली घालून जेवला असता."

हे फैझानला ठाऊक नव्हतं. आठ वर्षं त्याला वाटत होतं की आपण एकट्यानं काहीतरी सोडून दिलं. त्यानं बायकोकडे पाहिलं. कानामागे दोन केस पांढरे झाले होते, आणि ते कधी झाले ते त्याला माहीत नव्हतं.

"तू मला कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"पत्रं अम्मींसमोर लिहायची असायची."

या वेळी तो खरंच हसला. मग त्यानं तिचा हात धरला. शेजारची सगुणा कुंपणापलीकडे दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती, तरी सोडला नाही.

सखाराम निघताना मागच्या दारापाशी आला. "फैझान, उद्या सकाळी सातला दुकानात ये. तुझ्या मापाची एक सायकल देतो. उमेरच्या मागे राहून पालीपर्यंत जा."

"काका, मी आठ वर्षं सायकलला पाय लावला नाय. पोट बघताय ना?"

"बघतोय. म्हणून तर म्हणतोय. ह्ये बोलून समजायचं नाय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी कुवारबावपर्यंत दोघं शेजारी शेजारी, नजर रस्त्यावर ठेवून, सायकली चालवत गेले. थंडी होती. समोरून, डोंगराकडून, मतलई वारा येत होता. कुवेतला जायच्या आधी फैझान अब्बांच्या लाँचीवर असताना याच वाऱ्यावर पहाटे बाहेर पडायचं, तेव्हा तो पाठीवर असायचा. आता तो छातीवर होता. कारवांचीवाडीच्या चढाला फैझानला धाप लागली. मांड्या पेटल्या. त्याला वाटलं इथंच उतरावं.

"भाई, माझ्या मागे ये," उमेर म्हणाला.

"मागेच हाय की."

"तसं नाय. जवळ. तुझं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकापासून वीतभर. घाबरू नको, मी ब्रेक मारणार नाय."

फैझान भीत भीत जवळ गेला. हात, दीड वीत, वीत. आणि वारा थांबला.

वारा पडला असं त्याला वाटलं. पण बाजूच्या आंब्यांची पानं हलत होती. त्यानं सायकल हातभर बाजूला घेतली. थंडगार वारा छातीवर आदळला आणि पॅडल दगडासारखं जड झालं. तो परत मागे गेला. पॅडल हलकं झालं. तीन वेळा त्यानं तसं करून पाहिलं.

पुढे उमेरची पाठ होती. रुंद, वाकलेली, अजिबात न डोलणारी. डाव्या खांद्याखाली हाड मोडून जुळल्याची गाठ बनियनमधून दिसत होती. फैझानला त्या गाठीबद्दल काहीच माहीत नव्हतं. कुठल्याच पत्रात ती आली नव्हती.

"दम लागला तर सांग," उमेर मागे न बघता म्हणाला. "वेग कमी करतो."

"तुला कसं कळतं मी मागे हाय की नाय?"

"ऐकू येतं."

हातखंबा गेला. महामार्गावर ट्रक सुरू झाले होते. प्रत्येक ट्रकच्या आधी उमेर हात खाली करून बोट दाखवायचा, खड्ड्याच्या आधी दाखवायचा, आणि फैझान नुसता त्याच्या मागे जात होता. एका चढावर उमेरनं बाटली मागे धरली. फैझान पाणी प्याला. ते गळ्याखाली उतरलं आणि त्याला हुंदका आला. चढावर हुंदका देणं सोपं नसतं. सायकल लटपटली.

"काय झालं?"

"काय नाय. चल."

पालीच्या नाक्यावर ते थांबले तेव्हा फैझानचे पाय थरथरत होते. चहाच्या टपरीवर बाकड्यावर तो बसला तो बसलाच. उमेर दोन चहा आणायला उठला.

"बस खाली," फैझान म्हणाला. "मी आणतो."

तो लंगडत उठला. टपरीवाली मैना म्हणून म्हातारी होती. तिनं उमेरच्या सायकलकडे आणि चकचकीत चड्डीकडे पाहिलं.

"शर्यतीतला काय तो?"

"माझा भाऊ," फैझान म्हणाला. "मलेशियाच्या संघात हाय. सहा वर्षं."

"मग जिंकला असंल बरंच काय काय."

फैझाननं दोन्ही ग्लास उचलले. "नाय," तो म्हणाला, आणि आवाज आपोआप चढला. "एकदाही नाय. त्याच्या मागचे जिंकतात. तो पुढे राहून वारा घेतो."

मैनाला त्यातलं काही कळलं नाही, पण ज्या सुरात तो बोलला त्या सुरात माणसं चांगलीच गोष्ट सांगतात. तिनं चहात बुडवायचे दोन कडक बटर जास्तीचे दिले.

उमेरनं ते सगळं ऐकलं होतं. त्यानं चहाचा ग्लास हातात घेतला.

"भाई, त्या पटियाळ्याच्या पत्राच्या दिवशी मी तुला काहीच बोललो नव्हतो," तो म्हणाला. "मला भीती वाटली होती, बोललो तर तू विचार बदलशील. मग ते बोलायचं कधी जमलंच नाय. मी दर शर्यतीला निघताना तुझं नाव घेतो. सुरुवातीची शिट्टी वाजायच्या आधी. कोणाला ऐकू जात नाय."

फैझाननं बटर चहात बुडवलं. ते अर्धं तुटून ग्लासात पडलं, आणि तो बोटानं ते काढायच्या खटपटीला लागला, कारण वर बघणं शक्य नव्हतं.

"अजून किती वर्षं चालवणार?" त्यानं शेवटी विचारलं.

"दोन वर्षांचा करार देतायत. घरी विचारून सांगतो म्हटलंय."

"घे. मी ऑगस्टपर्यंत हाय तिकडे, मग कायमचा येतो. काल फिजाला सांगितलं. अब्बांची लाँच नुसती उभी हाय."

"आणि खोलीतल्या लोकांना काय सांगशील?"

"खरं सांगेन. हत्ती कोणाचा होता ते पण सांगेन. त्यांनी इतका हलवा खाल्लाय, आता ऐकतील."

उमेर हसायला लागला, आणि मग दोघंही थांबेनात. मैना टपरीतून वाकून बघत राहिली.

निघाले तेव्हा दहा वाजून गेले होते. वारा फिरला होता. आता तो समुद्राकडून, खारट वासाचा, परत समोरूनच येत होता. उमेर सवयीनं पुढे झाला.

"थांब," फैझान म्हणाला. "आता मी पुढे."

"भाई, वारा हाय. तुझे पाय गेलेत."

"उतार पण हाय. मागे ये."

उमेर मागे गेला. फैझान कसातरी पॅडल मारत होता. पाठ डोलत होती, शर्ट फुग्यासारखा फुगला होता, रेघ सरळ राहत नव्हती. खड्डा आला की तो हात दाखवायचा, पण खड्डा गेल्यावर. इतक्या हळू चालायचं म्हणजे उमेरला दर दहा हातांवर ब्रेक दाबावा लागत होता. ओलांडून जायला त्याला दोन पॅडलं पुरली असती. तो वीतभर मागे राहिला, भावाच्या पाठीआड मान खाली घालून, आणि हातखंब्यापर्यंत त्याच्या तोंडाला वारा लागला नाही.